वरवरची मालकीण

बस. बूट काढू नकोस, इथे सगळेच चिखल घेऊन येतात.
कॉफी काळीच मिळेल. दूध संपलंय
आणि विलिस्टन एकोणतीस मैलांवर.
मॅडम नको म्हणूस. रागनहिल्ड म्हण,
जमलं तर.

नकाशा सावकाश उलगड, कोल्बी,
त्या कोपऱ्यावर मिठाची बाटली ठेव.
हा लाल चौकोन म्हणजे तुमची तेलविहीर.
आणि हा, ज्यावर तू 'रिकामी जागा' लिहिलंयस,
तो माझा लसूणघास.

वडिलांनी मृत्युपत्र केलं तेव्हा
मी चोवीसची, आर्विद एकोणीसचा.
मला वरचं : घर, कुरण, वाऱ्याला आडवी लावलेली एल्मची रांग.
त्याला खालचं.
"तुझ्या वाट्याला अंधार आला रे," मी चिडवलं होतं,
आणि तो टेबलाखाली वाकून म्हणाला, "हा काय, सापडला."
तो नेवाडाला गेला. तिथेच वारला.
आता तो अंधार त्याच्या मुलीच्या नावावर आहे.
ती इथे एकदाच आली, नऊ वर्षांची असताना.
गाईंना घाबरून गाडीतच बसून राहिली.
तिनं सही केली म्हणतोस. केली असेल.
तिच्या सहीवर धूळ बसत नाही.

कायदा समजावू नकोस. समजतो.
खालच्याला वर यायचं तर वाट माझ्यातूनच,
आणि ती अडवायचा हक्क मला नाही.
पायाखालची जमीन सरकते म्हणतात.
माझी तसूभर हलली नाही,
फक्त दुसऱ्याची झाली.
'वाजवी वापर' हा तुझा शब्द.
वाजवी म्हणजे किती ट्रक, ते कुठल्या पानावर आहे?
हाल्वोर्सनकडे जाणारे मी एका रात्री मोजले.
एकशे बारापर्यंत आठवतं.

एक सांग मला. वरचं संपतं कुठे?
लसूणघासाचं मूळ पंधरा फूट जातं, कधी वीस.
माझी बोअर एकशे ऐंशी फूट.
ते पाणी कुणाचं, माझं की त्या मुलीचं?
तुमची नळी त्याच पाण्यातून पार होणार ना,
दोन मैल खाली जायला?
सिमेंट असतं, ठाऊक आहे.
माझ्या तळघरालाही सिमेंट आहे.
बर्फ वितळला की दर वर्षी पाझरतं.

हसलास. चांगलं हसतोस.
आई कुठली तुझी?

बरं, लिहून घे.
रस्ता कुंपणाच्या कडेने. मधून नाही.
वरच्या काळ्या मातीचा ढीग वेगळा.
खालच्या पिवळीत एकदा मिसळली
की तुझे नातू आले तरी निवडता येणार नाही.
फाटक लावायचं. दर वेळी.
तुमच्या सर्व्हेवाल्यांनी उघडं टाकलं,
अकरा कालवडी हायवेवर गेल्या,
दहा आल्या.
आणि ती गॅसची ज्वाळा माझ्या खिडकीसमोर नको.
इंजिनिअर ठरवतो? मग त्याला घेऊन ये.
इथे एक रात्र झोपू दे त्याला.

अजून एक. तेल आटल्यावर,
कंपनी विकली गेल्यावर, तिचं नाव बदलल्यावर,
ती नळी कोण बुजवणार?
नाव लिही. कंपनीचं नको, माणसाचं.

...

ठीक आहे. तिथे टिंबं राहू देत.

हे पैसे नुकसानीचे, दोनदा म्हणालास.
गारपीट येते, पण आधी आकडा सांगत नाही.
तुम्ही आधी आकडा सांगता, मग येता.
आकडा वाईट नाहीये, ते कबूल करते.
छपराला पत्रे हवेतच.

पण सही आज नाही.
उद्या वासरांना लस टोचायची आहे,
परवा वकिलीणबाई फोन उचलतात.
मग बघू.

निघतोस? सांभाळून, पायरी हलते.
आणि थांब, बूट इथेच दारात झटक.
तो चिखल वरचा आहे.